पिप म्हणतं झालं, नोटबुक म्हणतं नाही
टर्मिनलमध्ये पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) पॅकेज बसलं, तरी ज्युपिटर नोटबुक (सेलमध्ये कोड लिहून चालवायचं साधन) ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ म्हणत असेल, तर पुन्हापुन्हा इन्स्टॉल करू नकोस. बहुतेक वेळा कर्नल, म्हणजे नोटबुकचा कोड प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम, दुसऱ्याच पायथनवर चालत असतो. सेलमध्ये ‘इम्पोर्ट सिस’ करून ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छाप. टर्मिनलच्या ‘विच पायथन३’शी फोल्डर जुळलं नाही, की दुखणं सापडलं. प्रोजेक्टचं व्हेन्व (त्याचं स्वतंत्र पायथन वातावरण) चालू कर, त्यात आयपायकर्नल (ज्युपिटरला पायथनचा कर्नल देणारं पॅकेज) टाक, ‘--युजर’ आणि ‘--नेम’ देऊन कर्नल नोंदव आणि मेनूतून तोच निवड. घाईत असशील तर सेलमध्येच ‘%पिप इन्स्टॉल’ चालव, मग कर्नल रीस्टार्ट कर.

उबुंटू 24.04 वर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप चालवताना ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ एरर आली तरी ती अडवणूक डावलणाऱ्या ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ पर्यायाला हात लावू नकोस; सिस्टिमची बरीच साधनं त्याच पायथनवर चालतात. आणि टॉर्चसारखं (मशीन लर्निंगचं) शेकडो एमबीचं पॅकेज ठाणे-दादर लोकलमध्ये हॉटस्पॉटवर नको, घरच्या वायफायवर उतरव.