आधी नाव फोड

प्रिय मुली,

परवा दादरच्या पुलावर गर्दीत धक्के खात तू म्हणालीस, "सर, दहावीपर्यंत मराठीत शिकले, आता अकरावी सायन्सचे सगळे इंग्रजी शब्द अंगावर येतात. कॉमर्सला जाऊ का?" जायचं तर खुशाल जा, पण शब्दांना भिऊन जाऊ नकोस. आधी नाव फोड.

हायड्रोजन घे. ग्रीकमध्ये 'हुडोर' म्हणजे पाणी, आणि 'जेन' म्हणजे जन्म देणारा. आपल्या 'उदक' आणि 'जनक'चे हे लांबचे भाऊबंद. मराठीत त्याला उद्‌जन असंही लिहीत, ते उगाच नव्हे. १७६६ साली इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने हा वायू वेगळा ओळखला तेव्हा तो नुसती 'पेट घेणारी हवा' होता. फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिएने १७८३ साली तो जाळून पाणी मिळवलं, तिथून हे नाव आलं.

जस्ताच्या तुकड्यांवर विरल आम्ल, नळीच्या तोंडाशी पेटती काडी, 'फट्'! एवढं सगळ्यांना आठवतं. पण त्यातून निघणाऱ्या हायड्रोजनच्या ज्योतीवर कोरडी, थंड काच धरली की तिच्यावर धुकं धरतं, बोट फिरवलं तर ओलं लागतं. नाव त्या पाण्याचं आहे, 'फट्'चं नव्हे. मी मात्र वर्षानुवर्षं 'फट्' करून पुढच्या धड्याकडे वळत आलो.

एकदा एका पोराने विचारलं, "सर, हायड्रोजनच का म्हणतात?" मी म्हटलं, "परीक्षेला येत नाही, बस खाली." वर्गात सत्तर पोरं, तास संपायला चार मिनिटं, पोर्शन मागे पडलेला. माझं फार चुकलं असं अजूनही पुरतं वाटत नाही. पण त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही.

म्हणून म्हणतो, नाव फोड. आता तू लगेच विचारशील, नावच चुकलेलं असलं तर? असतंच की! ऑक्सिजन म्हणजे 'आम्ल जन्माला घालणारा'. प्रत्येक आम्लात तो असतो असं लव्हाझिएला वाटलं. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाहीच, हायड्रोजन आहे, हे इंग्रज शास्त्रज्ञ डेव्हीने १८१०च्या सुमारास दाखवलं. नाव तसंच राहिलं. अगं, न फोडता ही गंमत कळली असती का? पाठ करणाऱ्याला चूकसुद्धा पाठच होते.

वैतागलो असेन तर सोडून दे. शनिवारी ये, चहा माझ्याकडे. येताना नायट्रोजन फोडून आण. मोबाईलमध्ये बघायचं नाही. सुरोखार, एवढंच सांगून ठेवतो.

तुझा,
सर