बांधकाम परवानगीची मुदत वाढवली तर २० टक्क्यांतली परवडणारी घरं रद्द होतात का?

नाही. मोठ्या प्रकल्पात २० टक्के वाटा परवडणाऱ्या घरांसाठी राखण्याची अट असते, त्यातली ही घरं. मुदतवाढ ही जुन्याच परवानगीचं नूतनीकरण असतं, त्यामुळे तिच्या अटीही तशाच पुढे चालतात. मुंबई वगळता महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार काम सुरू झालं नसेल तर परवानगी दरवर्षी नूतनीकृत करावी लागते आणि एकूण चार वर्षांपलीकडे ती वाढत नाही. मग अर्ज नव्यानेच करावा लागतो. काम मुदतीत सुरू झालं असेल तर नूतनीकरणाची गरजच नाही. मात्र नुसता खड्डा खणला म्हणजे काम सुरू झालं असं होत नाही. इमारतीसाठी जोत्यापर्यंतचं, म्हणजे पायावरच्या चौथऱ्यापर्यंतचं बांधकाम धरतात. वाद इथे होऊ शकतो, म्हणून जोते तपासणीचा दाखला आधी मागा.

दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत ४००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर ही २० टक्क्यांची अट असते. ती दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी आहे आणि बिल्डरच्या सोयीसाठी कुणी ती सैल करू नये, असं मला ठामपणे वाटतं. नवा अर्ज आला किंवा सुधारित नकाशे मंजूर झाले, तर ही घरं त्यात कुठे आणि किती दाखवली आहेत ते जरूर बघा. माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागता येते.

आणि रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची मुदतवाढ वेगळी. ती प्रकल्पाच्या नोंदणीची असते. ती मिळाली म्हणून महापालिकेची परवानगी आपोआप वाढत नाही.