रिमोटची विमानं उडवण्यात माणसं आयुष्यभर कशी रमतात? ते लहान मुलांचं खेळणंच ना?

खेळणंच आहे, त्यात वाद नाही. आमच्या घरात त्याला 'बाबांची भातुकली' म्हणतात आणि मीही ते नाव आता लावून घेतलंय. वय ६३, नाशकात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी झाली, आता निवृत्त. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: जन्मभर रमण्यासारखं त्यात काय आहे, आणि पंचेचाळिशीत सुरुवात केली तर जमेल का. दुसरीचं उत्तर सोपं आहे, ते नंतर देतो. पहिलीसाठी जरा लांबून यावं लागेल.

मी मूळचा येवल्याचा. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस आमचं अख्खं गाव गच्चीवर असतं. हातात बांबूची आसारी, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, खाली हलकडी वाजतेय आणि घरात जेवायला हाका मारून आई थकलेली. पतंग उडवणाऱ्याला वरचा वारा डोळ्याआधी बोटाला कळतो. दोरा ताणला, ढिला पडला, नुसता थरथरला, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. रिमोटच्या विमानाला दोराच नसतो. वर काय चाललंय ते बोटाला कोणी सांगत नाही, सगळं डोळ्यांनी वाचायचं. आणि तरी, बऱ्याच वर्षांनी, एक दिवस असा येतो की बोटाला पुन्हा तो ताण जाणवायला लागतो. रिमोटवरच्या स्टिकच्या, म्हणजे बोटाने हलवायच्या दांडीच्या, खाली स्प्रिंगशिवाय काही नसतं हे मला पक्कं ठाऊक आहे, मी ती उघडून पाहिली आहे. पण जाणवतो. माझ्यापुरतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. बाकीचं सगळं तिथवर कसा पोचलो याची गोष्ट.

पुण्याला शिकत असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. तिथे 'कंट्रोल लाइन'ची विमानं असायची. पन्नासेक फूट लांबीच्या दोन पोलादी तारा, एक टोक विमानाला, दुसरं हातातल्या मुठीला. विमान तुमच्याभोवती गोल फिरतं आणि तुम्हीही त्याच्याबरोबर गरगर फिरता. मूठ वर झुकवली की विमान वर, खाली झुकवली की खाली. पहिल्या दिवशी विमान ठीक उतरलं, मीच चक्कर येऊन पडलो. इंजिन डिझेलचं, पण पंपावरचं डिझेल नव्हे: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समान भाग. पंखा बोटाने फटकन फिरवून ते चालू करायचं. ते उलटं फिरून बोटावर बसलं की डोळ्यांसमोर काजवे. उजव्या हाताच्या तर्जनीवर अजून वण आहे. लहानपणी नाक दाबून पाजलेलं एरंडेल पुढे जाऊन मला अत्तरासारखं आवडेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

तारा सुटून खरा रेडिओ हातात आला तो १९८८ मध्ये. आतेभावाने मस्कतहून चार चॅनेलचा, म्हणजे विमानाच्या चार गोष्टी वेगवेगळ्या हलवणारा, सेट आणला होता. दोन पगारांहून जास्त पैसे गेले. विमान मी स्वतः बांधलं. त्यासाठी बाल्सा लागतं, दक्षिण अमेरिकेतलं लाकूड, मुख्यतः इक्वेडोरचं. हातात घेतलं की रिकामी खोकी उचलल्यासारखं वाटतं. तेव्हा ते मिळायची मारामार होती, म्हणून मधल्या कड्यांना येवल्याच्या कामट्या वापरल्या आणि वरून पतंगाचे ताव ताणून त्यावर डोप, म्हणजे कागद ताठ करणारं रोगण, मारलं. अकरा महिने लागले. ब्लेडने फासळ्या कापायच्या, घासायच्या, एकावर एक ठेवून सारख्या आहेत का बघायच्या. कंपनीत शतांश मिलिमीटरचं काम करणारा माणूस घरी येऊन पुन्हा तेच करत बसतो याचं बायकोला नवल वाटायचं.

विमान हवेत राहिलं चार सेकंद.

झालं असं की पंखांच्या मागच्या कडेला ज्या हलणाऱ्या पट्ट्या असतात, एलेरॉन, त्यांची जोडणी मी उलटी केली होती. स्टिक उजवीकडे नेली तर उजवा एलेरॉन वर उठायला हवा, माझा खाली जात होता. विमान उठलं आणि डावीकडे कललं. मी उजवं दिलं, ते आणखी डावीकडे गेलं. मी आणखी उजवं दिलं. अकरा महिन्यांचं काम माळावर कामट्यांचा ढीग होऊन पडलं. गंमत म्हणजे मला रडू आलं नाही. घरी येताना एसटीत बसून मी ते चार सेकंद पुन्हा पुन्हा आठवत होतो, कारण त्यातला पहिला दीड सेकंद ते खरोखर उडलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक उड्डाणाआधी मी विमानाच्या मागे उभा राहून मोठ्याने म्हणतो, "उजवं वर." आसपासच्यांना वाटतं हा काहीतरी मंत्र पुटपुटतोय.

विमान हवेत चढवणं अवघड नसतं. पुरेसा जोर दिला की ते जातंच. अवघड असतं ते तुमच्या दिशेने यायला लागलं की. दूर जाताना त्याचं उजवं ते तुमचं उजवं. वळून तुमच्याकडे आलं की सगळं उलटं, आणि विचार करायला अर्धा सेकंदसुद्धा नसतो. नवख्याला मी एकच युक्ती सांगतो: समोरून येताना जो पंख खाली झुकलाय त्याच्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू त्या पंखाला खालून टेकू देताय. आणि सूर्य पाठीशी ठेवायचा. दीड मीटरचं विमान उन्हात शिरलं की नुसती काळी आकृती उरते. ते येतंय की जातंय हेच कळत नाही. मी एकदा असंच जाणारं विमान येतंय समजून सांभाळत राहिलो आणि ते बाभळीत जाऊन बसलं. बाभळीतून विमान काढणं हे एक वेगळंच शास्त्र आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते उतरवणं. गिरक्या आणि उलटं उडवणं पोरांना आवडतं, बघायलाही छान दिसतं. पण उतरवताना विमान, वारा आणि तुम्ही तिघंच उरता. लोकांना वाटतं की नाक खाली केलं की विमान उतरतं. नाक खाली केलं की ते फक्त वेग घेतं आणि जमिनीपाशी येऊन पुन्हा तरंगत पुढे निघून जातं. उंची कमी करायची ती इंजिनाच्या जोराने, थोडा थोडा काढत, आणि वेग धरायचा तो नाकाच्या कोनाने. हे डोक्याला पटायला एक संध्याकाळ लागते, हाताला पटायला दोन वर्षं. शेवटच्या दहाएक फुटांत आणखी एक फसवणूक असते. जमिनीलगत वारा मंदावतो. वाऱ्याच्या तोंडावर येणाऱ्या विमानाला जो समोरचा वारा उचलून धरत होता तोच अचानक कमी होतो, आणि विमान पायरी चुकल्यासारखं खाली बसतं. त्या क्षणाच्या किंचित आधी जोराची एक चिमूट द्यायची. डोळ्यांना तेव्हा काहीच दिसलेलं नसतं. तो आधीचा क्षण मला बोटात जाणवतो. येवल्याच्या गच्चीवर दोरा ढिला पडताना जाणवायचा, अगदी तसाच.

म्हणूनच ड्रोनमध्ये माझं मन लागलं नाही. पुतण्याने आणून दिला होता. स्टिक सोडली की तो आपला जागच्या जागी उभा. शूटिंगला, शेतात फवारणीला उत्तम वस्तू आहे, पण त्याला माझी गरज नाही. विमानाला असते.

सगळंच जुनं चांगलं होतं असंही नाही. पूर्वीच्या रेडिओत फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल असायचे आणि प्रत्येकाचा ठरलेला चॅनेल, इथे चॅनेल म्हणजे ती फ्रिक्वेन्सी. एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केला की हवेतलं विमान गेलंच. म्हणून फळीवर कपड्यांना लावायचे चिमटे असायचे, चॅनेलचा नंबर लिहिलेले. चिमटा खिशाला असेल त्यानेच बटण दाबायचं. तरी एकदा एका गृहस्थाने गाडीत बसून 'जरा बॅटरी बघतो' म्हणत ट्रान्समीटर चालू केला आणि आमच्यातल्या एकाचं नवंकोरं विमान जमिनीत घुसलं. त्यानंतर दोघं वर्षभर बोलत नव्हते. २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले आणि हे भांडण कायमचं मिटलं. आता विमानातला रिसीव्हर आपला ट्रान्समीटर ओळखतो, दुसऱ्याचं ऐकत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पंचेचाळीस हे काही वय नव्हे. अमेरिकेत मेनार्ड हिल नावाचे गृहस्थ होते. त्यांनी बाल्साचं एक विमान बांधलं, इंधन भरून पाच किलोंच्या आत. ऑगस्ट २००३ मध्ये ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून निघालं आणि ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. अटलांटिक ओलांडून, तीन हजार किलोमीटरच्या वर. मधला प्रवास जीपीएस आणि ऑटोपायलटवर होता, चढवणं-उतरवणं मात्र माणसाच्या हातचं. त्याआधीच्या प्रयत्नांतली विमानं समुद्राने गिळली होती. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. बांधकाम ते हाताच्या स्पर्शाने करत. मला चष्म्याचा नंबर वाढला की मी त्यांची आठवण काढतो.

सुरुवातीला माझ्यासारखा बाल्साच्या नादी लागू नका. सनबोर्ड किंवा फोमचं, मीटर-सव्वा मीटर पंखांचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान घ्या, पंख वरच्या बाजूला असलेलं. ब्रशलेस मोटर, तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, एलेरॉन-शेपूट हलवणाऱ्या चार लहान मोटरी म्हणजे सर्व्हो, सहा चॅनेलचा साधा रेडिओ आणि चार्जर धरून दहा-पंधरा हजारांत भागतं. पंखे मात्र अर्धा डझन घ्या, ते काडेपेटीतल्या काड्यांसारखे संपतात. आधी महिनाभर कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर पाडून घ्या, तिथे पाडणं फुकट असतं. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश भागात यायला हवा. दोन बोटांवर तोलून बघा. नाक थोडं जड असेल तर रडतखडत का होईना उडतं, शेपूट जड असेल तर एकदाच उडतं. लिपो चार्जिंगला लावून झोपू नका, बाजारात जाऊ नका, समोर बसा. ती पेटली तर पाणी आणेपर्यंत टेबल जातं. आणि बॅटरी जोडली की पंखा फिरतोच आहे असं समजा. मी हे तीन टाके घालून घेतल्यावर समजलो.

फोमचे पंख कापायला मी कोणाकडून शिकलो सांगू? गणपतीची मखरं करणाऱ्या एका कारागिराकडून. नायक्रोमची तार तापवून तो थर्माकोलच्या महिरपी कापायचा, लोण्यातून सुरी फिरावी तशी. विमानाचा पंख म्हणजे त्याच्या दृष्टीने फारच सोपी महिरप होती.

जागा ही खरी अडचण. नाशकात तर ओझरचा विमानतळ, गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टरचं तळ, देवळालीला तोफखाना. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली हौशी विमानंही येतात, म्हणून आधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' साइटवरचा नकाशा उघडून बघा. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशेच फूट. लाल-पिवळ्यात परवानगीशिवाय जाऊच नका. आणि विमान कायम डोळ्यांना दिसलं पाहिजे. ते तर नियम नसता तरी पाळावं लागलं असतं, कारण न दिसणारं विमान कसं उडवणार?

आम्ही सिन्नरकडच्या एका पडीक माळावर जातो. सूर्य उगवून अर्धा तास झालेला असतो, वारा अजून उठलेला नसतो. नऊनंतर जमीन तापते आणि घारी वर गोल फिरायला लागतात. मग ग्लायडर काढायचा. घार पंख न हलवता जिथे चढतेय तिथे खालून गरम हवा उठतेय हे नक्की, आपण गुपचूप तिच्या शेजारी जाऊन फिरायचं. मोटर बंद. कधी घार जवळ येऊन डोकं वळवून बघते आणि निघून जाते. एकदा अशा हवेत बावीस मिनिटं काढली होती, खाली मान दुखून गेली.

माळाला लागून द्राक्षबाग आहे. तीन-चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या तोंडावर, बॅटरीने दगा दिला आणि माझं विमान थेट मांडवावर जाऊन बसलं. मालक काठी घेऊन आला. विमान बघितलं, घड बघितले, मला बघितलं. आम्ही दोघांनी मिळून खाली पडलेले घड मोजले, सतरा भरले. पैसे घ्यायला तयार होईना. म्हणाला, दोन क्रेट विकत घ्या, बाजारभावाने घ्या, आणि हे कसं उडतं ते पोराला दाखवा. पोरगं आता माझ्यापेक्षा बरं उतरवतं. मालक मात्र अजून बांधावर उभा राहून वाऱ्याची दिशा बघतो आणि विमान बागेकडे वळलं की ओरडतो.

परवा त्याचाच फोन आला होता. "काका, माल गेला बघा सगळा. बाग मोकळी झाली. आता खुशाल पाडा."