“सगळं सापडतं, पण डोक्यात काही राहत नाही”

रात्री अडीच वाजता केलेला सर्च त्यांनी पहिल्याच भेटीत फोनवर उघडून दाखवला. ‘कमी वयात विस्मरणाचा आजार लक्षणे’. त्याखाली त्याच आठवड्यातले आणखी काही: ‘शब्द पटकन न आठवणे’, ‘वाचलेले लक्षात का राहत नाही’, ‘चाळिशीत अल्झायमर होतो का’. फोन टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, “मॅडम, खरं सांगू? मला आता गूगलशिवाय काहीच येत नाही. डोकं गेलंय माझं.”

इथे त्यांना सुजाताताई म्हणते. वय ४१, रुग्णालयात नर्स. वरच्या पदासाठी लागणारा अभ्यासक्रम त्यांनी हाती घेतला होता, म्हणजे खूप वर्षांनी पुन्हा पुस्तकं, पुन्हा परीक्षा. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं कारण हीच तक्रार शाळकरी मुलांपासून निवृत्त प्राध्यापकांपर्यंत अनेकांच्या तोंडून ऐकते. शब्द वेगळे असतात, भीती तीच: हाताशी सगळं आहे, पण आपण आतून रिकामे होत चाललोय का?

विसरण्याची तक्रार घेऊन कुणी आलं की मी लगेच फोनच्या सवयीवर घसरत नाही. झोप किती होते, मन उदास असतं का, थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का, औषधं कोणती चालू आहेत, हे आधी पाहायला हवं. यातल्या प्रत्येक गोष्टीने स्मरण बिघडू शकतं आणि त्यावर उपाय असतात. सुजाताताईंना मी डॉक्टरांकडे पाठवलं. तपासण्यांत काही निघालं नाही. झोप मात्र वाईट होती, विशेषतः नाइट ड्यूटीच्या आठवड्यांत.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना कालच्या पाळीबद्दल बोलतं केलं. पाचेक मिनिटं त्या अखंड बोलल्या. कोणत्या बेडवरच्या आजोबांची जखम ओली होती, कुणाचा बीपी किती वाजता वाढला, कुणाच्या मुलीने काय विचारलं, सलाइन कधी बदललं. एकदाही अडखळल्या नाहीत, कागदाकडे पाहिलं नाही. मी थांबवून विचारलं, “हे सगळं कुठून आलं?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ज्या बाईचं डोकं गेलं होतं, तिने आत्ताच डझनभर माणसांची नोंद तोंडी दिली होती.

म्हणजे स्मरणशक्ती शाबूत होती. मग अभ्यास का टिकत नव्हता?

मी अभ्यास कसा करता ते दाखवायला सांगितलं. त्यांनी तोही फोनवरच दाखवला. एक परिच्छेद वाचायचा, शब्द अडला की सर्च, उत्तर वाचलं की ‘हां, बरोबर’, स्क्रीनशॉट, पुढे. स्क्रीनशॉटचा फोल्डर बोटाने सरकवत गेले तर संपेना. “यातले परत किती उघडून पाहिलेत?” त्यांनी मान हलवली. “लागला तर शोधता येईल, असं वाटतं.”

मग फोन ड्रॉवरमध्ये ठेवून मी म्हटलं, “मला वैद्यकातलं काही कळत नाही. पाणी कमी प्यायलं तर लघवी गडद का होते, एवढं मला समजावून सांगा.” हा विषय त्यांनी त्याच सकाळी वाचला होता. त्या उत्साहाने सुरू झाल्या. शरीरात पाणी कमी झालं की एडीएच हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, मग किडनी पाणी धरून ठेवते. “किडनी कुठे धरून ठेवते?” नळ्यांमध्ये. “कसं?” म्हणजे… त्या नळ्या… इथे त्या थांबल्या. हात आपोआप पर्सकडे गेला, फोन तिथे नाही हे लक्षात आलं, आणि डोळे भरून आले. “मला येतं हो हे. फक्त सांगता येत नाहीये.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकल्यावर मला थोडा दिलासा वाटतो, कारण गाठ कुठे बसली आहे ते त्यातून दिसतं. वाचताना समजणं आणि आपल्या आपण मांडता येणं यांत अंतर असतं, ते आपल्याला वाचताना जाणवत नाही. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवलं की कपड्यांची चेन (झिप) किंवा संडासाचा फ्लश अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला ठाऊक आहे, असं माणसं खात्रीने सांगतात. पायरी-पायरीने लिहायला लावलं की स्वतःच आपला अंदाज खाली आणतात. हे घरबसल्या करून पाहता येतं. एक कागद घ्या आणि चेनचे दात एकमेकांत कसे अडकतात ते लिहा.

शोधयंत्र या भ्रमात भर घालतं. कील यांनीच मॅथ्यू फिशर आणि मॅरिएल गॉडू यांच्यासोबत २०१५ साली केलेल्या प्रयोगांत, आधी काही प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधलेल्या लोकांना नंतर अगदी वेगळ्या विषयांबद्दल विचारलं, तुम्ही हे किती चांगलं समजावून सांगू शकाल? न शोधलेल्यांपेक्षा त्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. जाळ्यावरचं ज्ञान आणि आपल्या डोक्यातलं ज्ञान यांमधली कुंपणाची तार आपल्या नकळत निसटते. सुजाताताई सकाळी ‘हां, बरोबर’ म्हणत होत्या तेव्हा त्या खोटं बोलत नव्हत्या. उत्तर समोर होतं, ओळखीचं वाटत होतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असं मनाने धरलं.

दुसरी गोष्ट त्या स्क्रीनशॉटची. २०११ साली बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेग्नर यांचा एक अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात लोकांना शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो अशी गमतीची माहिती संगणकावर टाइप करायला दिली. काहींना सांगितलं हे साठवलं जाईल, काहींना सांगितलं पुसलं जाईल. पुसलं जाणार असं ज्यांना वाटलं, त्यांच्या ते जास्त लक्षात राहिलं. दुसऱ्या एका प्रयोगात लोकांना माहितीपेक्षा ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली आहे हे अधिक आठवलं. याच अभ्यासातला एक वेगळा प्रयोग २०१८ साली इतर संशोधकांनी करून पाहिला तेव्हा तोच निकाल मिळाला नाही, हेही मी सुजाताताईंना सांगितलं. घाबरलेल्या माणसाला अर्धवट विज्ञान देऊ नये. पण ‘साठवलंय’ म्हटलं की मन हात सैल सोडतं, हे त्यांना त्यांच्या फोल्डरवरूनच पटलं.

“म्हणजे गूगलने माझी वाट लावली,” त्या म्हणाल्या.

हे मी मान्य केलं नाही. माणूस नेहमीच स्वतःबाहेर आठवणी ठेवत आला आहे. वेग्नर यांनी इंटरनेट घराघरांत येण्याआधीच, १९८५ च्या सुमारास, एकत्र राहणारी माणसं लक्षात ठेवण्याचं काम वाटून घेतात ही कल्पना मांडली होती. एकाला वाढदिवस आठवतात, दुसऱ्याला किल्ल्या कुठे आहेत ते. आपण काय माहीत आहे यापेक्षा कोणाला माहीत आहे हे लक्षात ठेवतो, आणि त्यामुळे आपलं डोकं दुसऱ्या कामाला मोकळं राहतं. यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की कुठलं काम बाहेर ठेवायचं आणि कुठलं आत.

इथे सुजाताताईंनी मला कोंडीत पकडलं. “मग काय, औषधाचा डोसही आता आठवून देऊ? आमच्याकडे तर शिकवतात, खात्री नसेल तर बघा, असेल तरी बघा.”

फार चांगला प्रश्न होता. डोस बघूनच द्यायचा, तिथे आठवणीवर विसंबणं धोक्याचं आहे. मी उलट विचारलं, “समजा लिहिणाऱ्याच्या हातून दशांशचिन्ह सरकलं आणि दहापट डोस लिहिला गेला. तुम्हाला कळेल?”

“लगेच खटकेल.”

“का खटकेल?”

त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “कारण साधारण किती असतो ते मला माहीत असतं.”

त्या दिवसापासून ‘खटकणं’ हा आमच्या सत्रांतला शब्द झाला. अचूक आकडा पुस्तकात राहू दे, फोनमध्ये राहू दे. पण चुकीचं काही समोर आलं तर खटकावं, यासाठी आत काहीतरी रुजलेलं लागतं. शोधायलाही तेच लागतं. ज्याला विषयाचे चार शब्द माहीत आहेत त्याला नेमका प्रश्न टाकता येतो आणि आलेल्या दहा उत्तरांतलं फोल कोणतं ते दिसतं.

त्यांचा रात्री अडीचचा सर्च याचाच नमुना होता. ‘विस्मरणाचा आजार’ असं टाइप केलं की विस्मरणाच्या आजाराचीच पानं समोर येतात. आपण प्रश्नात जे आधीच गृहीत धरलंय तेच उत्तर होऊन परत येतं. ‘सात रात्री नीट न झोपलेल्या बाईला शब्द का आठवत नाहीत’ असं त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आणि काळजीपोटी केलेल्या शोधाचं एक चक्र असतं: एखादं पान वाचून पाच मिनिटं बरं वाटतं, मग ‘पण माझ्या बाबतीत…’ म्हणत पुढचं पान. ज्यांना आजाराची धास्ती आहे त्यांना मी कळकळीने सांगते, रात्री अंधारात लक्षणं शोधू नका. प्रश्न कागदावर लिहा, सकाळी डॉक्टरांना विचारा.

आम्ही एक साधी वही ठरवली. डाव्या पानावर प्रश्न आणि त्याखाली शोधण्याआधी आठवेल ते, अर्धवट, चुकीचं, कसंही. दोन मिनिटं. मग खुशाल शोधायचं आणि उजव्या पानावर फक्त जे डावीकडे नव्हतं तेवढंच लिहायचं. यामागे भक्कम आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिलं तर त्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे जी पद्धत त्या क्षणी सोपी आणि यशस्वी वाटते, तीच आठवड्याने तोंडघशी पाडते.

पहिला आठवडा फसला. सुजाताताईंनी दोन दिवस वही लिहिली आणि सोडली. “डावं पान कोरं राहतं. बघवत नाही ते.” चूक माझी होती. दिवसभर रुग्णांची सेवा करून आलेल्या बाईला मी रोज संध्याकाळी स्वतःच्या अज्ञानासमोर बसवत होते. मग आम्ही बदल केला: रोज एकच प्रश्न, आणि तो वॉर्डातूनच आणायचा. ज्या रुग्णाला आज पाहिलं त्याच्याबद्दलचा. आणि ‘आठवत नाही’ असं लिहिणं हेही उत्तर धरायचं, पण त्याच्यापुढे ‘पण एवढं माहीत आहे’ असं एक वाक्य जोडायचंच.

तिथून गाडी चालू लागली. मला वाटतं, तो ‘पण’ फार महत्त्वाचा ठरला. कोऱ्या पानाची लाज वाटली की माणूस फोनकडे पळतो. एखादं तुटकं वाक्य समोर असलं की ते पुरं करावंसं वाटतं.

सहाव्या भेटीला त्या वही घेऊन आल्या. एका डाव्या पानावर लिहिलं होतं: ‘आठवत नाही. पण एडीएच मेंदूतून येतं आणि नळीची भिंत पाण्यासाठी उघडतं. पाणी परत रक्तात. म्हणून लघवी घट्ट.’ उजव्या पानावर एकच ओळ होती, तयार कुठे होतं आणि सोडलं कुठून जातं याची. बाकी शोधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी वही मिटली आणि म्हटलं, “आता पुन्हा एकदा मला समजावा, मी विसरले.” त्यांनी समजावलं. ‘कसं’ विचारल्यावर टेबलावर बोटाने नळी काढून दाखवली.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. निघताना मी रात्रीच्या सर्चबद्दल विचारलं. “या महिन्यात दोनदा झालं,” त्या म्हणाल्या, “दोन्ही वेळा नाइट ड्यूटीवरून आल्यावर झोप लागत नव्हती तेव्हा.” पुढचं सत्र आम्ही झोपेसाठी ठेवलं आहे.