रुग्णालयाची नोंदवही आणि गावातले अंधत्व

प्रश्न : आफ्रिकेतील देशांत अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू आहे, असे वाचले होते. पण तेथील काही रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील नोंदींत डोळ्यांची अ‍ॅलर्जी झालेले आणि चष्म्याचा नंबर लागलेले रुग्णच अधिक दिसतात. यातले खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही खरे आहे. नोंदवहीत जो दवाखान्यापर्यंत पोहोचला त्याचीच नोंद होते. डोळे चोळून चोळून लाल केलेल्या मुलाला आई लगेच घेऊन येते आणि फळा दिसत नाही म्हणून विद्यार्थीही येतो. पण दूरच्या खेड्यातील जी वृद्धा मोतीबिंदूमुळे कुणाच्या तरी हाताला धरूनच घराबाहेर पडू शकते, तिला नेत्रतज्ज्ञ असलेल्या शहरापर्यंत नेणार कोण? प्रवासाचा खर्च आणि सोबतच्या माणसाची बुडणारी मजुरी यांमुळे कित्येकांची शस्त्रक्रिया राहूनच जाते. नायजेरियात 2005 ते 2007 या काळात घरोघरी जाऊन 40 वर्षांवरील लोकांचे डोळे तपासले, तेव्हा अंधत्वाच्या सुमारे 43 टक्के प्रकरणांत मोतीबिंदू हे कारण आढळले.

मला अधिक चिंता वाटते ती काचबिंदूची. पश्चिम आफ्रिकेत तो तुलनेने कमी वयात सुरू होतो, बहुधा दुखत नाही आणि नजर कडेकडून हळूहळू जात असल्याने रुग्णाला पत्ता लागत नाही. तो येतो तेव्हा अनेकदा एक डोळा गेलेला असतो, आणि गेलेली नजर मोतीबिंदूप्रमाणे शस्त्रक्रियेने परत मिळवता येत नाही.

खुपरी म्हणजे ट्रॅकोमा, वारंवारच्या संसर्गाने पापण्या आत वळवणारा डोळ्यांचा रोग. त्याचे रुग्ण शहरी रुग्णालयांत क्वचितच दिसतात, कारण हा रोग पाण्याची टंचाई असलेल्या ग्रामीण भागात टिकून राहतो. घानातून तो सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये जाहीर केले. इथिओपियात मात्र त्याचा भार अजून मोठा आहे आणि आत वळून बुबुळाला घासणारे पापण्यांचे केस लोक घरीच चिमट्याने उपटतात. अशा माणसाचे नाव कोणत्या नोंदवहीत यावे?

म्हणून बाह्यरुग्ण विभागात किती थेंब आणि किती चष्मे लागतील, हे ठरवायला रुग्णालयाच्या नोंदी उत्तम आहेत. शस्त्रक्रियेचे पथक कोणत्या जिल्ह्यात धाडायचे, हे मात्र गावोगावच्या पाहणीवरूनच ठरवावे लागते.