पात्र बदललं की नट बदलला?

एक वाचक १९६६च्या 'बॅटमॅन' या अमेरिकी मालिकेत कोणाला कोणतं काम कसं मिळालं यावर लेख लिहीत आहेत. लेखात त्यांचं एक वाक्य आहे : 'या मालिकेत कॅटवूमनचं पात्र तीनदा बदललं.' (कॅटवूमन ही बॅटमॅनशी झुंजणारी चोर.) लेख वाचून देणाऱ्या मैत्रिणीनं त्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'पात्र कुठं बदललं? बदलली ती नटी.' यावर त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. अशा ठिकाणी 'पात्र' म्हणावं की नाही, आणि 'कास्टिंग'ला पात्रनिवड, पात्रयोजना, नटसंच यांतला कुठला शब्द घ्यावा? जाता जाता त्यांनी असंही विचारलं आहे की ज्यांची स्क्रीन टेस्ट झाली पण काम मिळालं नाही, त्यांच्याबद्दल 'नाकारले गेले' याखेरीज काही लिहिता येईल का.

मैत्रिणीची रेघ योग्य जागी पडली आहे, पण 'पात्र' हा शब्द चुकीचा आहे म्हणून नव्हे. तो दोन्हीकडे चालतो, ही खरी अडचण. छापील नाटकाच्या सुरुवातीला 'पात्रपरिचय' असतो, त्यात नाटकातल्या माणसांची नावं येतात. तिथं पात्र म्हणजे व्यक्तिरेखा. आणि गणेशोत्सवातल्या नाटकाच्या दिवशी 'सगळी पात्रं तयार झाली का?' असं कोणी ओरडतं, तेव्हा पात्र म्हणजे तोंडाला रंग लावून बसलेले शेजारपाजारचे लोक. रोजच्या बोलण्यात यानं कोणाचं अडत नाही. ('काय पात्र आहे!' यातलं पात्र तर तिसरंच, ते सोडून देऊ.) पण एकाच भूमिकेत वेगवेगळे लोक येऊन गेले, हाच लेखाचा विषय असेल तर या दुहेरी शब्दावर पाय घसरायचाच. आणि 'बॅटमॅन' मालिकेत तर दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. काही वेळा नट बदलला, काही वेळा खरोखर पात्र बदललं.

रिडलरचंच बघा. कोडी घालून गुन्हे करणारा हा खलनायक पहिल्या वर्षी फ्रँक गॉर्शिननं असा काही रंगवला की त्याला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. दुसऱ्या वर्षी मानधनावरून बिनसलं आणि गॉर्शिन आला नाही. रिडलरसाठी लिहिलेली एक कथा मात्र निर्मात्यांच्या हातात तयार होती. त्यांनी काय करावं? रिडलर काढला आणि त्याच्या जागी 'पझलर' नावाचा नवा खलनायक घातला. शेक्सपिअरच्या नाटकांत नाव कमावलेल्या मॉरिस इव्हान्सला ते काम दिलं. ही कथा १९६६च्या डिसेंबरात दाखवली गेली. याला म्हणायचं पात्र बदललं. गोष्ट बरीचशी तीच, पण माणूस वेगळा, नाव वेगळं. नंतर १९६७च्या फेब्रुवारीत रिडलर परत आला, तो 'अ‍ॅडम्स फॅमिली'मधल्या जॉन अ‍ॅस्टिनच्या रूपात. इथं पात्र तेच, नट बदलला. आणि तिसऱ्या वर्षी गॉर्शिन स्वतः परतला, तेव्हा नट पुन्हा बदलला, किंवा मूळपदावर आला म्हणा. या तिन्ही घटनांना 'रिडलरचं पात्र बदललं' हे एकच वाक्य वापरलं तर वाचकाच्या हाती काय लागणार?

मिस्टर फ्रीझच्या बाबतीत दोन्ही घडलं. बॅटमॅनच्या चित्रकथांत (कॉमिक्समध्ये) १९५९ साली आलेला हा खलनायक मुळात 'मिस्टर झिरो' होता. मालिकेनं त्याला 'फ्रीझ' केलं आणि ते नाव इतकं चिकटलं की पुढं चित्रकथांनीही तेच घेतलं. म्हणजे इथं बदल पात्रात झाला. शिवाय मालिकेत हे काम तिघांनी केलं. आधी जॉर्ज सँडर्स, मग चित्रपटदिग्दर्शक म्हणून ख्यात असलेले ऑटो प्रेमिंगर, आणि १९६७मध्ये इलाय वॉलक. तिघांच्या वाट्याला एकेकच कथा आली. इथं 'फ्रीझ तीन नटांनी केला' असं सरळ मराठी वाक्य पुरतं. 'काम करणे', 'अमुक करणे' ही आपली जुनी आणि उत्तम सोय आहे. 'त्यात जोकर कुणी केलाय?' असं आपण विचारतोच की. 'साकारणे' आणि 'वठवणे' यांचा परीक्षणांत इतका वापर झाला आहे की त्यांच्याऐवजी 'केला' लिहिलं की वाचकालाही जरा मोकळं वाटतं.

आता मूळ वाक्याकडे येऊ, कारण त्यात 'पात्र'पेक्षाही 'तीनदा' मजेशीर आहे. कॅटवूमन तीन जणींनी केली : ज्यूली न्यूमार, ली मेरीवेदर आणि अर्था किट. तीन नट्या म्हणजे बदल दोन, असं कोणीही म्हणेल. पण क्रम लावून बघा. न्यूमार १९६६च्या मार्चमध्ये पहिल्यांदा आली. त्याच वर्षी जुलैअखेर मालिकेवरचा चित्रपट निघाला, त्यात मेरीवेदर होती. सप्टेंबरात दुसरं वर्ष सुरू झालं आणि न्यूमार परत आली. तिसऱ्या वर्षी न्यूमार 'मॅकेनाज गोल्ड'च्या चित्रीकरणात अडकली, म्हणून किट आली. म्हणजे चित्रपट धरला तर बदल खरोखरच तीन झाले, आणि फक्त मालिका धरली तर एकच. प्रश्न विचारणाऱ्या वाचकांचं 'तीनदा' हिशेबात बसतं, पण त्याच वाक्यात 'या मालिकेत' आहे, तिथं ते फसतं. आणखी एक मेख अशी की मेरीवेदर मालिकेतही दिसते. १९६७मध्ये किंग टट या खलनायकाच्या कथेत ती लिसा कार्सन नावाच्या श्रीमंत तरुणीचं काम करते. तेव्हा 'ली मेरीवेदर मालिकेत होती' हे खरं, 'ली मेरीवेदर मालिकेत कॅटवूमन होती' हे खोटं. नट आणि पात्र हे दोन शब्द वेगळे ठेवले की हा गुंता आपोआप सुटतो.

तरीही किटच्या बाबतीत मी मैत्रिणीच्या पूर्ण बाजूनं नाही. न्यूमारच्या भागांत बॅटमॅन आणि कॅटवूमन यांच्यात सतत एक लाडिक ओढाताण चाललेली असते. चोर-पोलिसांच्या आड चाललेला तो प्रेमाचा खेळ हाच त्या कथांचा अर्धा जीव. कृष्णवर्णीय किट आली आणि हा खेळ जवळजवळ बंद झाला. कॅटवूमन आता शुद्ध गुन्हेगार झाली. त्या काळाची अमेरिका लक्षात घेतली तर कारण शोधायला लांब जायला नको. १९६७च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आंतरवर्णीय विवाहांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली, तोवर सोळा राज्यांत ती कायद्यानं लागू होती. किटच्या गळ्यातली ती गुरगुर आणि जिभेवर घोळवलेले 'र' यांनी कॅटवूमनला वेगळीच धार आली, हे तर आहेच. म्हणून इथं 'नटी बदलली आणि तिच्यामागोमाग पात्रही बदललं' असं लिहिलं तर ते अचूक होईल. मूळ वाक्यापेक्षा जास्त सांगणारंही.

'भूमिका' हा शब्दही जपून वापरावा लागतो. राजकारणानं तो पळवून नेला आहे, 'पक्षाची भूमिका', 'सरकारची भूमिका' वगैरे. या मालिकेच्या संदर्भात तर तो चांगलाच अडचणीत आणतो. 'मालिकेत विल्यम डोझिअर यांची भूमिका काय होती?' याची तीन उत्तरं संभवतात. ते निर्माते होते. मालिका विनोदी असावी, पण नटांनी ती कमालीच्या गांभीर्यानं करावी, हे त्यांचं धोरण होतं. आणि प्रत्येक भागात पुढचा भाग बघायला बजावणारा, श्वास रोखून बोलणारा तो निवेदक, तो आवाजही डोझिअर यांचाच. पहिल्या अर्थी 'वाटा' लिहावं, दुसऱ्या अर्थी 'धोरण' किंवा 'आग्रह', आणि 'भूमिका' तिसऱ्यासाठी राखून ठेवावी. जुन्या संगीत नाटकमंडळ्यांत लोक सरळ 'पार्ट' म्हणत आणि त्यावरून 'स्त्रीपार्टी', 'राजापार्टी' असे नटांचे प्रकारही पाडत. तो शब्द आज परत आणता येणार नाही, पण त्यात संदिग्धता औषधालाही नव्हती.

'कास्टिंग'ला पर्यायी शब्द कोणता, हे तुम्ही काय सांगताय त्यावर ठरतं. निवड ही घडणारी क्रिया आहे : उमेदवार आले, पारख झाली, एकाला घेतलं. योजना ही त्यामागची बुद्धी आहे. कोणत्या कामाला कोण शोभेल याचा विचार, आणि तो साधला की फसला याचा निवाडा. म्हणून समीक्षक 'पात्रयोजना अचूक आहे' असं म्हणतात, 'पात्रनिवड अचूक आहे' असं सहसा म्हणत नाहीत. डोझिअर यांना अ‍ॅडम वेस्ट दिसला तो नेसलेच्या 'क्विक' या दुधात मिसळायच्या पावडरीच्या जाहिरातीत. तिथं तो जेम्स बाँडची नक्कल करणारा एक हेर होता. हास्यास्पद प्रसंगातही ज्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही, असा माणूस त्यांना हवा होता. ही पात्रयोजना. जोकरसाठी सीझर रोमेरो घेतले, त्यांनी मिशी काढायला नकार दिला आणि रंगभूषाकारांनी मिशीवरूनच पांढरा रंग थापला, ही पात्रयोजनेची किंमत म्हणा. जवळून घेतलेल्या दृश्यांत ती मिशी आजही मोजता येईल इतकी स्पष्ट दिसते. पेंग्विन हा खलनायक करणाऱ्या बर्जेस मेरेडिथचं तर पात्र नटाच्या घशातून घडलं. सिगारेट सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. भूमिकेसाठी पुन्हा ओढावी लागली, धुरानं घसा खवखवू लागला, आणि तो खोकला लपवण्यासाठी त्यानं बदकासारखं 'क्वाक क्वाक' करायला सुरुवात केली. तेच पेंग्विनचं हसू झालं.

नटसंच म्हणजे या सगळ्यातून शेवटी जमलेले लोक. नाटकाच्या जाहिरातीत 'मूळ संचात' किंवा 'नव्या संचात' असं येतं, त्यामुळे मराठी वाचकाला हा शब्द शिकवावा लागत नाही. 'बॅटमॅन'चा कायमचा संच तसा लहान : वेस्ट, बॅटमॅनचा साथीदार रॉबिन झालेला बर्ट वॉर्ड, बटलर आल्फ्रेडच्या कामात अ‍ॅलन नेपिअर, पोलीस आयुक्त गॉर्डन म्हणून नील हॅमिल्टन, पोलीसप्रमुख ओहारा म्हणून स्टॅफर्ड रेप, हॅरिएटकाकू म्हणून मॅज ब्लेक, आणि तिसऱ्या वर्षी बॅटगर्ल म्हणून आलेली इव्हॉन क्रेग. खलनायकांना श्रेयनामावलीत 'खास पाहुणा खलनायक' अशा अर्थाची वेगळी पाटी असे. आपल्याकडे 'पाहुणा कलाकार' रूढ आहे, तोच इथं घ्यावा. जोकर आणि पेंग्विन इतक्या वेळा आले की पाहुणे म्हणवून घेण्याचा त्यांचा हक्क केव्हाच संपला होता, पण पाटी तशी होती, तेव्हा लिहावंही तसंच.

'एक पात्र, एक नट' हे समीकरण कुठवर ताणता येतं याचं एक उदाहरण शेजारच्या मालिकेतलं देतो. १९७७च्या 'द इन्क्रेडिबल हल्क'मध्ये डॉ. बॅनर केला बिल बिक्सबीनं. त्याचं रूपांतर होऊन बनणारा हिरवा राक्षस आधी रिचर्ड कील करत होता. उंची भरपूर, पण अंगावर स्नायू हवे तसे नाहीत, म्हणून चित्रीकरण सुरू झाल्यावर त्याला बदलून शरीरसौष्ठवपटू लू फेरिग्नोला आणलं. पहिल्या कथेत कीलचं एक ओझरतं दृश्य तसंच राहून गेलं आहे. राक्षसाची डरकाळी पुन्हा तिसऱ्याचीच, सुरुवातीला टेड कॅसिडीची. आता 'हल्कचं पात्र कोणी केलं?' याला एका नावात उत्तर द्यायचं तरी कसं? इथं 'देह फेरिग्नोचा, आवाज कॅसिडीचा' असं फोडूनच लिहावं लागतं.

राहिला शेवटचा प्रश्न. 'नाकारले गेले' हा शब्दप्रयोग मला कठोर तर वाटतोच, पण बऱ्याचदा तो चुकीची माहितीही देतो. 'बॅटमॅन'साठी दोन जोड्यांची स्क्रीन टेस्ट झाली : वेस्ट आणि वॉर्ड, आणि दुसरी लाइल वॅगनर आणि पीटर डीएल. 'वॅगनरचं नाव चर्चेत होतं' असं लिहिलं तर ते कमी पडेल. तो तर बॅटमॅनचा पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला होता, आणि ती फीत आजही बघायला मिळते. अशा ठिकाणी मराठीत 'हुकणे' हे क्रियापद चपखल बसतं : वॅगनरची भूमिका हुकली. त्यात चाचणी झाल्याचंही सूचित होतं आणि निकालही कळतो. 'स्क्रीन टेस्ट'ला मात्र पर्याय शोधत बसू नका. 'पडदाचाचणी' लिहिलं तर वाचक पडद्याच्या कापडाचा पोत तपासतोय असं समजेल.

आणि वॅगनरचा उल्लेख करणारच असाल तर पुढचंही एक वाक्य घाला. १९७५पासून तो 'वंडर वूमन' मालिकेत लिंडा कार्टरसमोर स्टीव्ह ट्रेव्हर होता. तिथंच त्याला कळलं की चित्रीकरणाच्या जागी कलाकारांना बसायला भाड्यानं मिळणाऱ्या गाड्यांत चांगला धंदा आहे. त्यानं 'स्टार वॅगन्स' नावाची कंपनी काढली आणि ती हॉलिवूडभर चालली. त्या गाड्यांना मात्र 'व्हॅनिटी व्हॅन'च लिहा, मुंबईत सगळे तेच म्हणतात.