वाचकांचे प्रश्न : बाजू घ्यायची, पण कशावरून?

प्रश्न : आम्ही न्यूयॉर्क राज्यात राहतो. माझी मुलगी मिडल स्कूलमध्ये सातवीत असून तिला यंदा अमेरिकेचा इतिहास आहे. १७७० साली बोस्टनमध्ये झालेल्या गोळीबाराची जबाबदारी कोणावर येते, या प्रश्नावर तिला वर्गात दिलेल्या कागदपत्रांच्या आधारे आर्ग्युमेंटेटिव्ह, म्हणजे एक बाजू घेऊन ती पुराव्यानिशी मांडणारा, निबंध लिहायचा होता. तिने दोन्ही बाजू सविस्तर मांडल्या आणि शेवटी दोघांचेही चुकले, असे लिहिले. ‘क्लेम (दावा) स्पष्ट नाही’ या शेऱ्यासह निबंध परत आला. आमच्या वेळी तोल सांभाळणे हाच निबंधाचा गुण समजला जाई. बारा वर्षांच्या मुलीने इतिहासाचा निवाडा करावा, ही अपेक्षा रास्त आहे का? आणि घरी मी तिला कशी मदत करावी?

उत्तर : शेरा रास्त आहे, असे आम्हाला वाटते; मात्र त्याचा अर्थ आपण समजता तसा नसावा. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी लिहिलेला आहे, आणि सारे काही वापरणाऱ्यावर अवलंबून आहे हा त्याचा शेवट पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरलेला असे. त्यासाठी एकही कागद वाचावा लागत नसे. आपल्या मुलीने काढलेला निष्कर्ष खोटा आहे असे नाही. पण हाती दिलेली कागदपत्रे न उघडताही तो लिहिता आला असता, आणि शिक्षिकेची हरकत बहुधा तिथेच आहे.

हे प्रकरण मिडल स्कूलमध्ये इतके लोकप्रिय का आहे, हे पाहिले की अपेक्षा नेमकी काय आहे ते कळते. बोस्टन तेव्हा ब्रिटिश वसाहतीत होते. ५ मार्च १७७० च्या रात्री तिथल्या किंग स्ट्रीटवरील जकात कार्यालयासमोर एका ब्रिटिश पहारेकऱ्याची काही तरुणांशी बाचाबाची झाली, जमाव वाढला, आणि कॅप्टन थॉमस प्रेस्टन सात सैनिक घेऊन त्याच्या मदतीस आला. बर्फाचे गोळे आणि लाकडे फेकली जात असताना गोळ्या सुटल्या. क्रिस्पस अ‍ॅटक्ससह तिघे जागीच मरण पावले आणि दोघे नंतर दगावले. पुढे त्याच वर्षी खटले चालले. सैनिकांचे वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्स यांनी घेतले, जे स्वतः ब्रिटिश सरकारविरुद्ध वसाहतींच्या बाजूचे होते आणि नंतर अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रेस्टन निर्दोष सुटला. आठ सैनिकांपैकी सहा सुटले आणि दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देण्याची शिक्षा झाली. साक्षीदार पुष्कळ, साक्षी परस्परविरोधी आणि त्यातल्या बऱ्याच लिखित स्वरूपात उपलब्ध, असा योग शालेय इतिहासात क्वचितच येतो.

आता कागदपत्रांकडे वळू. बोस्टनचे कारागीर पॉल रिव्हिअर यांचे प्रसिद्ध कोरीव चित्र जवळजवळ प्रत्येक संचात असते. त्यात सैनिक शिस्तीत रांगेने उभे आहेत, प्रेस्टन मागून तलवार उगारून हुकूम देत आहे, समोरचे नागरिक निःशस्त्र आहेत आणि जकात कार्यालयावर ‘बुचर्स हॉल’, म्हणजे खाटिकखाना, अशी पाटी आहे. मुले हे चित्र ‘प्रेस्टनने हुकूम दिला’ याचा पुरावा म्हणून सरळ जोडून टाकतात. वस्तुतः हा घटनेनंतर काही आठवड्यांतच विक्रीस आलेला प्रचार आहे. गोळीबार कसा झाला यापेक्षा बोस्टनच्या देशभक्तांना तो कसा दाखवायचा होता, याचा तो अव्वल दर्जाचा पुरावा ठरतो. उलट प्रेस्टनचे स्वतःचे निवेदन वाचताना तो कोठडीत होता आणि त्याच्या मानेवर फास लटकत होता, हे विसरून चालत नाही. पॅट्रिक कार या जखमीचे मरणापूर्वीचे बोलणे आणखी गुंतागुंतीचे आहे. सैनिकांनी स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या आणि आपल्यावर गोळी झाडणाऱ्याचा आपल्याला राग नाही, असे त्याने सांगितल्याची साक्ष त्याच्या डॉक्टरने न्यायालयात दिली. ही ऐकीव साक्ष आहे. तरी बोलणारा स्वतः त्या गोळीचा बळी असल्यामुळे तिचे वजन कमी होत नाही. आमच्या मते संपूर्ण संचातला सर्वांत मोलाचा कागद हाच, आणि मुले नेमका तोच एका ओळीत उरकतात.

कागद असे तोलले की क्लेम आपोआप आकार घेऊ लागतो. ‘इंग्रजांनी ठरवून कत्तल केली’ हा दावा स्पष्ट आहे, पण कागद तो पेलत नाहीत. ‘प्रेस्टनने हुकूम दिल्याचे सिद्ध होत नाही; तथापि १७६८ पासून शहरात सैन्य ठेवणाऱ्या सरकारवर या चकमकीची मोठी जबाबदारी येते’ हा दावा अधिक अरुंद आहे आणि म्हणूनच लढवता येतो. त्याच्या उत्तरार्धासाठी वेगळा पुरावा लागेल, उदाहरणार्थ २ मार्च रोजी दोरखंडाच्या कारखान्यात कामगार आणि सैनिक यांच्यात झालेली मारामारी. येथे एक सावधगिरी सुचवावीशी वाटते : फेब्रुवारीत गोळी लागून मेलेल्या ख्रिस्तोफर सायडर या मुलाचे उदाहरण याच ओघात हमखास येते, परंतु त्याला मारणारा सैनिक नव्हता, जकात खात्याचा माणूस होता. शहरातला संताप दाखवायला ते चालेल, सैन्याचा दोष दाखवायला नाही.

राहिला प्रश्न तोल सांभाळण्याचा. २०१० साली जाहीर झालेल्या आणि बहुतेक राज्यांनी मूळ रूपात किंवा फेरफार करून स्वीकारलेल्या कॉमन कोअर या शालेय अभ्यासाच्या मानकांत सातवीपासून विरुद्ध दाव्याची, म्हणजे काउंटरक्लेमची, दखल घेणे अपेक्षित आहे. आपल्या मुलीने दुसऱ्या बाजूसाठी जे परिश्रम घेतले ते तिथे कामी येतील. फक्त विरुद्ध बाजूचा सर्वांत दुबळा मुद्दा निवडून तो खोडू नये. सर्वांत बळकट मुद्दा घ्यावा, आणि तो मान्य करूनही आपला दावा का टिकतो, हे सांगावे. वरच्या दाव्यापुरते बोलायचे तर जमावाने सैनिकांना खरोखरच घेरले होते, हे कबूल करूनच पुढे जावे लागेल.

घरी तिची वाक्ये सुधारू नका, कारण त्यात आपले मत नकळत उतरते. तिला सारा युक्तिवाद मराठीत तोंडी सांगायला लावा आणि प्रत्येक विधानानंतर ‘हे कशावरून?’ एवढेच विचारा. उत्तरादाखल तिने कागदातले वाक्य वाचून दाखवले, तर त्यावरून तिचे म्हणणे कसे सिद्ध होते, तेही विचारा. अवतरण चिकटवून पुढे निघून जाणे हा या वयातल्या निबंधांचा सर्वांत सार्वत्रिक दोष आहे. ‘ज्युरीने प्रेस्टनला सोडले’ यावरून त्याने हुकूम दिलाच नाही, असे ठरत नाही. हुकुमाबद्दल ज्युरीची खात्री पटली नाही, इतकेच ठरते. हा फरक तिने स्वतःच्या शब्दांत मांडला तर रुब्रिकमधल्या, म्हणजे गुण देण्याच्या तक्त्यातल्या, ‘रीझनिंग’च्या (तर्काच्या) रकान्याची काळजी करण्याचे कारण उरणार नाही.

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत आठवीत आहे. गुलामगिरीच्या अंतावर तो निबंध लिहीत असून, जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’चा दाखला त्याने द्यावा, असे मी सुचवले आहे. तो चालेल का? (पुणे)

उत्तर : चालेल, पण योग्य जागी. १८७३ च्या या ग्रंथाची अर्पणपत्रिका इंग्रजीत असल्यामुळे नातवाला ती स्वतः वाचून उद्धृत करता येईल. तीत अमेरिकेतील सज्जनांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी दाखवलेल्या निःस्वार्थ निष्ठेचा गौरव केला आहे आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली आहे. अमेरिकेतील घटनांचे पडसाद दहा वर्षांत पुण्यात कसे उमटले आणि तिथल्या एका सुधारकाने त्यांचा उपयोग कसा केला, याचा हा सबळ पुरावा आहे. मात्र मुक्त झालेल्या लोकांची अमेरिकेतील प्रत्यक्ष स्थिती काय होती, हे त्यावरून सांगता येणार नाही. गुलामगिरी बंद करणारी १८६५ ची तेरावी आणि वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी १८७० ची पंधरावी घटनादुरुस्ती, तसेच त्या लोकांनी स्वतः दिलेल्या जबान्या, अशी साधने त्याला त्यासाठी वापरावी लागतील. निबंधाचा विषय केवळ अमेरिकेपुरता असेल तर फुल्यांचा दाखला एका परिच्छेदापलीकडे नेऊ नये; चळवळीचा जगभरातील प्रभाव हा विषय असेल तर त्याच्यापासूनच सुरुवात करण्यास हरकत नाही.